रेकॉर्डवरचा बीथोवन आणि मेकॅनिकलचा होमी

होमी भाभा म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना जनरल नॉलेजचं पुस्तक आठवतं. जन्म ३० ऑक्टोबर १९०९, मुंबई. भारतीय अणुशक्ती कार्यक्रमाचे जनक. टी.आय.एफ.आर., ट्रॉम्बे. मृत्यू २४ जानेवारी १९६६, विमान अपघातात. पाच मार्कांची टीप लिहायला एवढं पुरतं. मी त्यांच्याबद्दल लिहायला घेतलं ते मात्र दोन वेगळ्या कारणांसाठी. एक म्हणजे भाभा आपल्यासारखेच मेकॅनिकल इंजिनियरिंगची परीक्षा दिलेले गृहस्थ होते. हे आमच्या विंगमध्ये कोणालाही सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, खरंच? आणि दुसरं कारण म्हणजे त्यांना रेकॉर्ड ऐकता यायच्या. आता रेकॉर्ड ऐकायला काय लागतं, असं तुम्ही म्हणाल. तेच तर सांगायचंय.

होमीचे वडील जहांगीर भाभा ऑक्सफर्डला शिकून आलेले वकील. पुढे टाटांच्या कंपन्यांशी जोडले गेले. आजोबा हॉर्मसजी म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. आई मेहेरबाई ही पांडे घराण्यातली (हे पांडे पारशी बरं का, उत्तरेतले नव्हेत). घर श्रीमंत होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. पण श्रीमंतांच्या घरी त्या काळी घोडे असत, मोटारी असत. या घरात भरपूर पुस्तकं होती आणि ग्रामोफोन होता. होमी लहानपणी फार कमी झोपायचा. आईवडील काळजीत पडले, डॉक्टरांना दाखवलं, तर डॉक्टरांनी सांगितलं की मूल ठणठणीत आहे, याचा मेंदूच जास्त जागा आहे. (रात्री दोनपर्यंत जागणाऱ्यांनी हे कारण घरी सांगून बघायला हरकत नाही.) रडायला लागला की ग्रामोफोन लावायचे आणि तो गप्प व्हायचा, अशीही आठवण त्याच्या चरित्रांत येते. थोडा मोठा झाल्यावर मेकॅनोचे संच आले, चित्रकला आली. जहांगीर लालकाका या नावाजलेल्या चित्रकाराकडे तो शिकला आणि बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत त्याच्या चित्रांना बक्षिसंही मिळाली.

रेकॉर्डचा मोठा संग्रह होता तो कूमा मावशीकडे. बीथोवन, मोझार्ट, हायडन, शूबर्ट. होमी आणि त्याचा धाकटा भाऊ जमशेद हे दोघं या रेकॉर्डींवर वाढले. त्या काळच्या मुंबईत पूर्ण सिंफनी प्रत्यक्ष ऐकायला मिळणं ही फार दुर्मिळ गोष्ट होती. मेहली मेहतांनी (म्हणजे झुबिन मेहतांच्या वडिलांनी) बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला तो १९३५ मध्ये. तोवर होमी केंब्रिजला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. म्हणजे या मुलाने बीथोवन आधी ऐकला तो तबकडीवर.

इथे जरा तांत्रिक बोलू, कारण हा भाग मला स्वतःला सगळ्यात मजेशीर वाटतो. तेव्हाची तबकडी लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची. आर्थर निकिशने १९१३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिककडून बीथोवनची पाचवी सिंफनी पूर्ण रेकॉर्ड करून घेतली, तिला आठ बाजू लागल्या. ऐकणाऱ्याने काय करायचं? किल्ली द्यायची, सुई बदलायची (पोलादी सुई एका बाजूला झिजायची), चार मिनिटं ऐकायचं, संगीत ऐन रंगात आलं की बाजू संपायची, उठायचं, तबकडी उलटायची, आणि मागचं धरून ठेवत पुढचं ऐकायचं. सिंफनी सलग होती ती फक्त ऐकणाऱ्याच्या डोक्यात.

आणि आवाज? १९२५ पर्यंत रेकॉर्डिंगमध्ये मायक्रोफोन नव्हताच. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसायचे. आवाजाच्या दाबाने पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या चकतीवर खाच कोरायची. सगळं मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्सचा पत्ता नाही. खालचे सूर तर जवळपास गायबच. म्हणून कित्येकदा डबल बासचा भाग ट्युबासारख्या पितळी वाद्यांना वाजवायला देत, आणि व्हायोलिनला लाकडी पोटाऐवजी कर्णा बसवत, ज्याला स्ट्रो व्हायोलिन म्हणत. आमच्या भाषेत सांगायचं तर हा एक अरुंद बँडपास फिल्टर होता. शिवाय गती. पुष्कळ जुन्या तबकड्या बरोबर ७८ च्या नव्हत्याच, कोणी थोड्या कमी फेऱ्यांवर घ्यायचं, कोणी जास्त. ७८ च्या जागी साधारण साडेब्याऐंशी फेरे झाले की सगळी सिंफनी अर्धा सूर वर चढते. स्प्रिंग उतरली की खाली घसरते.

म्हणजे चांगली वाईट रेकॉर्ड ठरवायची तर आधी हे उलगडायचं की जे खटकतंय ते कोणाचं आहे. लिहिणाऱ्याचं? वाजवणाऱ्यांचं? की यंत्राचं? हे तीन वेगळे करता आले तरच मत द्यायला अर्थ. आपण लॅबमध्ये रीडिंग घेतो तेव्हा इन्स्ट्रुमेंट एरर वेगळी काढायला सांगतात ना, तेच हे.

सिंफनीच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या संगीतापेक्षा वेगळा असतो. आपल्याकडे बंदिश दोन ओळींची, बाकी सगळं गवई तिथल्या तिथे उभं करतो. म्हणून आपण भीमसेनांचा पूरिया धनाश्री म्हणतो. तिकडे प्रत्येक वाद्याचा प्रत्येक सूर कागदावर आधीच लिहिलेला. साठ-सत्तर माणसं तेच वाजवणार. मग फरक पडतो कुठे? मी हॉस्टेलवर मित्राच्या हेडफोनवर पाचवी सिंफनी दोन वेगवेगळ्या कंडक्टरांची ऐकली, एक तोस्कानिनीची १९३९ ची, दुसरी फुर्टवेंग्लरची १९४७ ची. पहिले चार सूर सगळ्यांना माहिती असतात, निदान मोबाईलच्या रिंगटोनमुळे तरी. तीन छोटे, एक लांबवलेला. तो चौथा सूर किती वेळ धरायचा, हे बीथोवनने सेकंदात लिहिलेलं नाही, फक्त थांबा अशी खूण केली आहे. तोस्कानिनी तो धरून लगेच पुढे निघतो, पाठीमागे कोणी लागल्यासारखा. फुर्टवेंग्लर तिथे असा रेंगाळतो की वाटतं आता सिंफनी सुरू होणार की नाही. गंमत म्हणजे वेगाचा आकडा स्वतः बीथोवनने देऊन ठेवला आहे, मेट्रोनोमवर १०८. पण कित्येक मोठमोठ्या कंडक्टरांनी तो फार जलद म्हणून बाजूला ठेवला. ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला असताना वर्कशॉपमध्ये आपलं आपण ठरवण्यासारखं! माझं मत विचाराल तर पहिल्या भागाला तोस्कानिनी आणि तिसऱ्यातून चौथ्या भागात जाताना फुर्टवेंग्लर. रूममेटचं मत अर्थातच उलट आहे आणि त्यावर मेसमध्ये दोनदा भांडण झालंय.

आता आपल्या लोणावळ्याकडे येऊ, कारण होमीच्या गोष्टीत लोणावळा फार लवकर येतो. होमीची आत्या, हिचंही नाव मेहेरबाई, सर दोराबजी टाटांना दिली होती. होमीची कॅथेड्रल शाळा त्यांच्या एस्प्लनेड हाउसपासून जवळ, त्यामुळे दुपारचं जेवण बऱ्याचदा आत्याकडे. आणि त्या टेबलावर गप्पा काय चालायच्या? जमशेदपूरचं पोलाद आणि घाटावरच्या पाण्याची वीज. टाटा हायड्रो कंपनी १९१० ची. लोणावळ्याच्या धरणाची पायाभरणी १९११ ची. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या कापड गिरण्यांना वीज मिळू लागली. आपण वलवणच्या भिंतीकडे फिरायला जातो, ते पाणी पाइपातून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला टर्बाइनवर पडतं. पुढे शिरवता झालं, १९२२ मध्ये आंध्रा खोऱ्याच्या ठोकळवाडीच्या पाण्यावर भिवपुरीचं वीजघर चालू झालं. मावळातले हे तलाव होमीच्या शाळेच्या वर्षांत एकेक करून भरत होते आणि त्यांचे हिशेब तो जेवता जेवता ऐकत होता.

पण याच वर्षांत, १९२१ पासून, शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा सत्याग्रह चालू होता. टाटांच्याच धरणाखाली त्यांची गावं आणि भातखाचरं जाणार होती, आणि ती गेलीच. आत्याच्या टेबलावर मावळ्यांची ही बाजू कितपत आली असेल याबद्दल मला शंकाच आहे. रेकॉर्डला दोन बाजू असतात, हे रेकॉर्ड ऐकणाऱ्या घरातही विसरलं जाऊ शकतं. असो.

घरच्यांचा प्लॅन ठरलेला होता. होमीने केंब्रिजला जायचं, मेकॅनिकलची पदवी घ्यायची आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हायचं. एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स करून १९२७ मध्ये तो केंब्रिजच्या कीज कॉलेजात दाखल झाला. योगायोग बघा, १९२७ हे बीथोवनच्या मृत्यूचं शंभरावं वर्ष. दोनच वर्षांपूर्वी मायक्रोफोनचं इलेक्ट्रिकल रेकॉर्डिंग आलं होतं आणि शताब्दीसाठी कोलंबिया कंपनीने नऊच्या नऊ सिंफनी नव्या पद्धतीने बाजारात आणल्या होत्या. त्यांतल्या शेवटच्या पाच वाइनगार्टनरने केलेल्या. कर्ण्यावरचं संगीत ऐकून वाढलेल्या मुलाला आता डबल बास खराखुरा डबल बास म्हणून ऐकू येण्याचा काळ सुरू झाला. शिवाय इंग्लंडमध्ये प्रत्यक्ष मैफली होत्याच. जे लहानपणापासून तबकडीवर ऐकलं ते समोर बसून ऐकणं, म्हणजे आपला इतक्या वर्षांचा अंदाज मूळ कागदाशी ताडून पाहण्यासारखंच!

केंब्रिजला एक वर्ष काढल्यावर, ऑगस्ट १९२८ मध्ये, त्याने वडिलांना पत्र लिहिलं. हे पत्र पुढे फार प्रसिद्ध झालं. मला भौतिकशास्त्र करायचंय, कारखान्यात मोठा अधिकारी होण्यात मला रस नाही, माझा स्वभावच तो नाही, असा त्याचा आशय. आणि आपलं म्हणणं पटवायला त्याने उदाहरण कोणाचं घेतलं? बीथोवनचं. ज्याच्यात एक गोष्ट भरून राहिली आहे त्याला दुसरं काही हो म्हणून सांगण्यात काही अर्थ नसतो, हे त्याला वडिलांना समजावायचं होतं, आणि त्यांना हे नाव समजावून सांगावं लागणार नव्हतं. ते संगीत त्यांच्याही घरात वाजलेलं होतं.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना लोक इथेच थांबतात. भाभांनी इंजिनियरिंग सोडलं, म्हणून तूही मन मान. आमच्या विंगमध्ये एक जण आहे, त्याला इतिहास करायचा होता, त्याला हा उपदेश आतापर्यंत निदान पाच जणांनी केलाय. पण पुढचं ऐका. वडिलांनी नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही. त्यांनी अट घातली. आधी मेकॅनिकलचा ट्रायपॉस फर्स्ट क्लासमध्ये पास हो, मग गणितासाठी आणखी राहायचा खर्च मी देतो. जमशेदपूर तोवर उघडं राहील. आणि होमीने मेकॅनिकल सोडलं नाही. आवडत नसलेल्या विषयात त्याने १९३० मध्ये फर्स्ट क्लास काढला. १९३२ मध्ये गणितातही फर्स्ट. म्हणजे ज्याचा कंटाळा होता तेसुद्धा त्याने कच्चं ठेवलं नाही. मला स्वतःला त्या पत्रापेक्षा ही दोन वर्षं जास्त मोठी वाटतात. पत्र आपण कोणीही लिहू शकतो, भाषा बऱ्यापैकी असली की झालं.

पुढचं विज्ञान मी थोडक्यात आटोपतो, कारण ते खरोखर समजायला फिजिक्सवाल्या सरांकडेच जावं लागेल. कॅव्हेंडिश लॅबचे ते सुवर्णदिवस होते, रुदरफर्ड, डिरॅक वगैरे मंडळी आसपास वावरत होती. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं भाभांचं गणित आजही भाभा स्कॅटरिंग याच नावाने शिकवतात, आणि कोलायडरमध्ये टकरींचं प्रमाण मोजायला वापरतात. १९३७ मध्ये हाइटलरबरोबर त्यांनी दाखवलं की अवकाशातून येणारा एकच वेगवान कण वातावरणात कणांचा अख्खा पाऊस कसा पाडतो. त्याच सुमारास केंब्रिजमध्ये मोझार्टच्या इडोमेनिओ या ऑपेराचे सेट रंगवायलाही ते होते. रॉजर फ्राय या मोठ्या कलासमीक्षकाने त्यांच्या चित्रांची तारीफ केली होती. १९३९ मध्ये सुट्टीला म्हणून भारतात आले, युद्ध पेटलं आणि इथेच अडकले. बंगलोरला आय.आय.एस्सी.मध्ये सी. व्ही. रामन यांच्याकडे रीडर झाले. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो. बंगलोरच्या वर्षांत भारतीय नृत्य-संगीताचीही ओढ लागली आणि परत जायचा विचार मागे पडला.

१२ मार्च १९४४ ला त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं की मूलभूत संशोधनाची एक संस्था हवी. १९४५ च्या जूनमध्ये संस्था बंगलोरला सुरू झाली आणि डिसेंबरात मुंबईला आली, पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात. बंगला कोणाचा? कूमा मावशीचा. होमीचा जन्मही याच बंगल्यातला. जिच्या तबकड्यांवर मुलाने बीथोवन ऐकला तिच्या घरात देशातली सगळ्यात नावाजलेली संशोधन संस्था सुरू झाली. पाठ्यपुस्तकात कूमाबाईंचं नाव नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

संस्था चालवायची भाभांची पद्धत मला अगदी कंडक्टरची वाटते. आधी इमारत, आधी पोस्ट, मग जाहिरात, मग मिळेल तो माणूस, असं त्यांचं नव्हतं. आधी माणूस हेरायचा, त्याची पात्रता स्वतः जोखायची आणि मग त्याच्याभोवती विभाग उभा करायचा. गणिताचा विभाग असा उभा राहिला, कॉस्मिक रे असे, कॉम्प्युटर असा. होय, कॉम्प्युटर. टिफ्रॅक नावाचा संगणक तिथे आपल्याच लोकांनी बांधला, तो १९६० मध्ये पूर्ण झाला. ट्रॉम्बेची अप्सरा ही आशियातली, रशिया सोडल्यास, पहिली अणुभट्टी. तिचं इंधन ब्रिटनचं होतं पण बांधणी इथल्या इंजिनियरांची. ४ ऑगस्ट १९५६ ला ती सुरू झाली. कुलाब्याच्या इमारतीचा आराखडा शिकागोच्या हेल्मुट बार्चचा, पण कुठली भिंत कशी हवी, कुठे कोणतं झाड, कोणतं चित्र कुठे टांगायचं हे भाभा स्वतः बघायचे. बांधकामाच्या खर्चातला एक टक्का चित्रांसाठी काढून ठेवला होता. आतल्या मोठ्या भित्तिचित्रासाठी चित्रकारांकडून आराखडे मागवले आणि त्यांतून हुसेन निवडले गेले. मोठी झाडं तोडायची नाहीत, मुळासकट उचलून दुसरीकडे लावायची, हा त्यांचा हुकूमच. साधारण चालेल, हा शब्द त्यांना सहन होत नसे, असं त्यांच्याबरोबर काम केलेल्या मंडळींच्या आठवणींत सारखं येतं. ज्याचे कान लहानपणापासून खरा दोष आणि यंत्राचा दोष वेगळा करत आले, त्याच्याकडून दुसरं काय होणार!

पण कंडक्टर म्हटला की एक अडचण येते. ज्याला स्वतःच्या वेगाने वाजवायचंय त्याचं काय? टी.आय.एफ.आर.मध्ये असा एक माणूस होता आणि तो आपल्या मावळातून रोज जायचा. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, पुण्यात राहणारे, गणितज्ञ आणि इतिहासकार. डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करायचे. सुट्टीच्या दिवशी मावळातल्या वाटा, कार्ले-भाजे परिसर पायी तुडवायचे, आणि कार्ल्याच्या लेण्यातल्या लेखांवरून धेनुकाकट नावाच्या जुन्या वसाहतीबद्दल त्यांनी लिहिलं. भाभांनीच त्यांना संस्थेच्या सुरुवातीच्या काळात बोलावलं होतं. पण अणुशक्तीवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा या देशाने सूर्याची उष्णता वापरावी, असं कोसंबींचं जाहीर मत होतं. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. त्याला आणखीही कारणं सांगतात, पण मला वाटतं उत्तम कान असलेल्या माणसालाही आपल्या ऑर्केस्ट्रात विरोधी सूर ऐकवत नाही. आज आपल्या कॉलेजच्या गच्चीवर सोलर हीटर बघितला की मला दोघंही आठवतात. दोघं एकाच वर्षी गेले, भाभा जानेवारीत, कोसंबी जूनमध्ये.

भाभांचे अंदाजही चुकले, आणि मोठे चुकले. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी सांगितलं की दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा नियंत्रणात आणण्याची पद्धत सापडेल. सत्तर वर्षं होऊन गेली, फ्यूजनवर चालणारं वीजघर अजून उभं नाही. चीनने १६ ऑक्टोबर १९६४ ला अणुचाचणी केली, त्यानंतर काही दिवसांतच आकाशवाणीवरून बोलताना भाभांनी अणुस्फोटाचा खर्च फारच स्वस्त सांगितला. तो हिशेब अमेरिकेने आपल्या शांततेसाठीच्या स्फोटांच्या योजनेत जाहीर केलेल्या किमतींवर होता, कारखाने आणि भट्ट्या उभारण्याचा खर्च त्यात नव्हता. हा भाग वाचताना मला राहून राहून वाटलं, हा माणूस तबकडीवरचा आवाज ऐकून खोलीचा, कर्ण्याचा, सुईचा परिणाम वजा करू शकत होता, मग दुसऱ्याने छापलेला आकडा त्याने तसाच का उचलला? घाई असेल, राजकारण असेल. फुर्टवेंग्लरचेही काही दिवस वाईट असतातच.

२४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग ७०७ बेरूतहून जिनिव्हाला उतरत होतं. भाभा व्हिएन्नाच्या बैठकीला निघाले होते. विमान माँ ब्लाँच्या शिखराजवळ आदळलं, ११७ जण गेले. याबद्दल इंटरनेटवर कटाच्या कहाण्या भरपूर आहेत आणि हॉस्टेलमध्ये दर वर्षी एक तरी जण त्या फॉरवर्ड करतो. चौकशी अहवालात आहे ते असं. विमानाचा एक व्ही.ओ.आर. रिसीव्हर बंद होता आणि वैमानिकाला ते माहीत होतं. पर्वत आपण ओलांडला असा त्याचा अंदाज झाला. खालच्या रडार कंट्रोलरने विमानाची जागा बरोबर ओळखली होती, त्याने तसं कळवलंही, पण ज्या शब्दांत कळवलं त्यातून वैमानिकाला आपली चूक उमगली नाही. सिग्नल बरोबर होता, ऐकणाऱ्यापर्यंत अर्थ पोहोचला नाही. ई अँड टी.सी.वाल्यांनी हा अहवाल कटाच्या कहाण्यांपेक्षा आधी वाचावा.

भाभा तेव्हा ५६ वर्षांचे होते. ट्रॉम्बेच्या संस्थेला १९६७ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशातल्या इलेक्ट्रॉनिक्सवर केलेला अहवाल १९६६ मध्येच आला, १९६७ मध्ये हैदराबादची ई.सी.आय.एल. निघाली.

राहिला जमशेद, मावशीच्या ग्रामोफोनसमोर शेजारी बसणारा धाकटा भाऊ. त्याने १९६९ मध्ये एन.सी.पी.ए. उभं केलं. १९९९ मध्ये तिथे त्याच्या नावाचं मोठं थिएटर सुरू झालं. २००६ मध्ये एन.सी.पी.ए.नेच सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. जमशेद २००७ मध्ये गेले आणि मलबार हिलचा भाभांचा मेहेरांगीर बंगला एन.सी.पी.ए.कडे आला. तो २०१४ मध्ये लिलावात ३७२ कोटींना विकला गेला आणि २०१६ मध्ये पाडला. तिथे स्मारक व्हावं म्हणून शास्त्रज्ञांनी खटपट केली होती, ती फळाला आली नाही.

ऑर्केस्ट्रा मात्र चालू आहे. आमचा तिघांचा बेत ठरलाय, सबमिशन संपलं की सकाळच्या डेक्कन क्वीनने जायचं, दुपारी कुलाब्याकडे एक चक्कर, संध्याकाळी कार्यक्रम. सगळ्यात स्वस्त तिकीट मागच्या रांगांचं असतं. अडचण परतीची आहे, कार्यक्रम संपेपर्यंत संध्याकाळच्या बऱ्याच गाड्या गेलेल्या असतात, आणि रात्रीच्या गाडीने लोणावळ्याला उतरलं की हॉस्टेलचं गेट बंद. रेक्टर सरांनी हा लेख वाचला असेल तर त्यांनी लेट एंट्रीच्या अर्जाचा विचार करावा, ही नम्र विनंती.